रस्त्यावरचा हुलगा

९ नोव्हेंबर

झालं! नक्की झालं! आंतरराष्ट्रीय मोटारसायकल रॅली आपल्या जिल्ह्यातून जाणार. मुरुममधल्या माझ्या स्पेअर पार्टच्या दुकानात येऊन इंद्रजितनं सांगितलं तेव्हा गिऱ्हाइकाची नवी चेन माझ्या हातातून खाली पडली. इंद्रजित आमच्या बाइक क्लबचा अध्यक्ष, तो थापा मारत नाही. गोव्याहून निघून हैदराबादला जाणार म्हणे, आणि मधला एक टप्पा मुरुमहून सास्तूरकडं. म्हणजे आमच्या वाडीवरून! आमच्या शेताच्या बांधाला लागून!

किती वर्षं झाली, मोबाइलवर जगातल्या रॅल्या बघतोय. वाळवंटातल्या, डोंगरातल्या. लोक मला येडा म्हणतात. आता म्हणा म्हणावं.

घरी सांगितलं तर हर्षालीचा पहिला प्रश्न, "दुकान कोण बघणार?" बायकोच ती. माय म्हणाली, "त्या गाड्या माल आणत्यात का माणसं?"

"माय, शर्यत हाय ती."

"शंकरपटावानी?"

"व्हय, पण बैल न्हाईत."

"मग काय बघायचं त्यात," म्हणाली आणि उठून गेली. कपाळावर हात मारून घेतला मी.

१६ नोव्हेंबर

धाराशिवला मार्शलचं शिबिर झालं. मार्शल म्हणजे रस्त्यावर उभा राहून राखण करणारा. मला केशरी जाकीट मिळालं, वॉकीटॉकी मिळाली, आणि हट्टानं मागून आमच्याच वाडीचा तुकडा घेतला. चढापासून ओढ्याच्या वळणापर्यंत. माझ्या लेकीनं, सृष्टीनं, जाकीट घालून घरभर नाच केला. गुडघ्याच्या खाली येतं तिला.

नियम कडक आहेत. आधी आयोजकांची गाडी रस्ता बघत जाते. ती गेली की रस्त्यावर कोंबडीसुद्धा येता कामा नये. मग प्रत्येक मार्शलनं आपला तुकडा डोळ्यांनी बघून वॉकीटॉकीवर "रस्ता मोकळा" म्हणायचं. सगळ्यांचं आलं की पहिला रायडर सुटणार. शिकवणारे साहेब म्हणाले, "चढावर आलेल्या रायडरला पलीकडचं दिसत नाही. त्याच्या बदल्यात तुम्ही बघायचं." अंगावर काटा आला. आपल्या आयुष्यात असं काम कोण देतं?

एकच वाईट वाटतं. खरी मजा ओढ्याच्या वळणावर आहे, गाडी तिथं आडवी होणार. मला उभं राहायचंय चढापलीकडच्या सरळ रस्त्यावर, तिथं नुसतं भुर्रकन जाताना दिसणार.

२९ नोव्हेंबर

मायनं डोकं खाल्लं आज. शहरात कुळीथ म्हणतात तो तिचा हुलगा काढून वाळून पडलाय. अर्ध्या एकराचा तुकडा तिनं स्वतः पेरलाय, त्यात आम्हाला हातसुद्धा लावू देत नाही. एवढ्याशासाठी मळणीयंत्रवाला येत नाही, आणि बडवायला तिचे खांदे चालत नाहीत. दरसाल ती सगळा हुलगा फाट्याजवळ डांबरी रस्त्यावर पसरते. दिवसभर एसट्या, जीपा, ट्रॅक्टर वरून जातात, शेंगा फुटतात, संध्याकाळी ही उफणून घेते. आमच्याकडं सगळेच करतात. पोलीस ओरडतात, लोक व्हय साहेब म्हणतात आणि परत टाकतात. यंदा मात्र रॅलीसाठी रस्त्याची डागडुजी चालू, म्हणून गाड्याच येत नाहीत.

"तुज्या शर्यतीपायी रस्ता बंद. हुलगा काय माज्या डोस्क्यावर मळू?" तिचं चालूच.

मी म्हटलं, "माय, दम धर की जरा. आठ तारखेला ऐंशी गाड्या येत्यात एकामागं एक. तवा टाक. फारीनचे टायर हाईत, दाणा दाणा सुटंल तुजा."

"खरंच?"

"मग! यंत्रवाल्याच्या बापाला जमायचं न्हाय."

सगळे हसलो. मायसुद्धा हसली. माझे वडील, दादा, गेल्यापासून तिला असं हसताना बघितलं नव्हतं.

७ डिसेंबर

आजचा दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. मुरुमला सगळे रायडर मुक्कामाला आले. ढोल, हलगी, फेटे, आणि वाडीच्या बायका ओवाळायला. एक नंबरचा रायडर, जो उद्या सगळ्यात पुढं सुटणार, तो तोमास. चिली देशाचा. दोन वर्षं मी त्याची एकही शर्यत सोडलेली नाही. आणि त्याला ओवाळायला कोण? माझी माय, सारजाबाई!

कुंकू लावायला तिचा हात पोचेना म्हणून तो वाकला. तिनं ओवाळलं, त्याच्या गालांवरून हात फिरवून आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. तो घाबरला. मी माझ्या इंग्रजीत सांगितलं, दृष्ट काढली तुझी. तर पठ्ठ्यानं उलट तिच्या गालांवरून हात फिरवून आपल्या कानशिलावर बोटं मोडली! काय हसले लोक.

मी त्याला म्हटलं, उद्या ओढ्याच्या वळणावर मी उभा राहीन, हात करशील का? म्हणाला, करतो. माझं जाकीट धरून म्हणाला, हे केशरी बघून हात करतो. फोटो काढला. दुकानात लावणार.

घरी येताना माय म्हणाली, "किती वाळलंय लेकरू. एवढ्या लांब लावून देताना त्याच्या आईबापाला काय वाटलं आसंल?"

८ डिसेंबर

तोमास पडला. सोलापूरला नेलंय. बाकी आज लिहवत नाही. खंडेराया, वाचव त्याला.

९ डिसेंबर

लिहिल्याशिवाय डोकं थांबत नाही, म्हणून लिहितो.

सकाळी रस्ता मी बघितला होता. चालत जाऊन बघितला, एक खडा नव्हता. आयोजकांची गाडी गेली. मग मी ओढ्याच्या वळणावर गेलो. जरा वेळच. तोमासला शब्द दिला होता. वॉकीटॉकीवर माझा नंबर आला तेव्हा तिथूनच म्हणालो, रस्ता मोकळा. खोटं काय त्यात? मी बघितला होता की.

पहिल्या गाडीचा आवाज आला. मी हात वर करून उभा. चढावर आवाज एकदम वाढला, आणि बंद झाला.

पळत गेलो. चढाच्या पलीकडं रस्ताभर हुलगा पसरलेला. दाताळ्यानं ओढून सारखा केलेला, माय करते तसा. त्यातून एक लांब रेघ, आणि पुढं रस्त्याकडेच्या चारीत गाडी, आणि त्याच्याही पुढं तो.

आधी मी हुलगा गोळा केला. मागचा रायडर यायच्या आत धोका दूर करायचा, असं शिबिरात सांगितलं होतं. दोन्ही हातांनी कवळ्याच्या कवळ्या उचलून पलीकडच्या चारीत टाकल्या. मग वॉकीटॉकीवर सांगितलं. मग त्याच्याकडं गेलो. डोळे उघडे होते. त्याच्या भाषेत काहीतरी म्हणत होता, मला कळलं नाही. मी नुसता "ओके, ओके" म्हणत राहिलो.

साहेब आले, काय झालं विचारलं. मी म्हणालो, कुत्रं आडवं आलं. तोंडातून निघून गेलं ते. कोणी पुढं काही विचारलं नाही, उलट माझ्या पाठीवर हात ठेवला.

घरी गेलो तर माय ओट्यावर बसलेली. पायाला माती. तिलाही सांगितलं, कुत्रं आडवं आलं. "बरं," म्हणाली. तिला काही माहीत नाही. टाकून लगेच घरी आली असणार. तिला कळता कामा नये. कळलं तर ती जगणार नाही. मी गप्प आहे तो तिच्यासाठी.

१० डिसेंबर

दुपारी इंद्रजितचा फोन आला. तोमास गेला.

दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसून राहिलो. किती रडलो. माझ्या घरातलं कोणी गेल्यासारखा रडलो.

जेवताना मायला सांगितलं की तो सुधारतोय, विमानानं त्याच्या देशाला नेलंय. सृष्टी म्हणाली, "पप्पा, पण मोबाइलवर तर..." मी डोळे वटारले. हर्षालीनं वाढता वाढता भाकरीची टोपली खाली ठेवली आणि आत निघून गेली. मायनं मला विचारलं, "त्याला आई हाय का?" म्हटलं, असंल. "बाप?" म्हटलं, बाप हाय, बाप येणार हाय न्यायला. लगेच जीभ चावली, पण तिच्या ध्यानात आलं नसावं. ताटातलं तसंच ठेवून उठली.

१४ डिसेंबर

मायचं काहीतरी बिनसलंय. डोक्याला तेल लावत नाही. मारुतीच्या देवळात रोज जायची, बंद केलं. खाली पोत्यावर झोपते. सृष्टीच्या शाळेतून पेढा आला, तिनं आज्जीच्या तोंडाजवळ धरला तर तोंड फिरवलं. डॉक्टरकडं चल म्हटलं तर म्हणते, "मला काय धाड भरली?" वय झालं, दुसरं काय. थंडीही लई आहे.

मायकडं बघून हर्षाली म्हणते, "अवो, तुमी आत्यांशी जरा बोला की."

"काय बोलू?"

"ते तुमालाच ठावं," म्हणाली. बायकांचं असं कोड्यातलं बोलणं मला झेपत नाही.

एक बरं झालं. हुलग्याचं मायनं नावसुद्धा काढलेलं नाही. मूठभर दाणे सांडले तरी वेचत बसणारी बाई, वर्षाचं पीक कुठं गेलं हेही विचारलं नाही. विसरून गेली बहुतेक. देव पावला.

१९ डिसेंबर

आज येळवस, वेळ अमावास्या. जिल्ह्यातली गावंच्या गावं रानात गेली असतील. कडब्याची खोप, त्यात पाच दगडांचे पांडव, भज्जी, आंबील, उंडे. आमच्या घरात चुलीवर साधं वरण.

मी आंघोळ करून बघतो तर कशाचीच तयारी नाही. हर्षालीवर ओरडलो. ती म्हणाली, "आत्या नगं म्हनल्या." मायला विचारलं तर म्हणे, "औंदा आपल्याला येळवस न्हाय."

"का न्हाय? भावकीत कोण मेलंय का?"

माझ्याकडं नुसतं बघितलं तिनं. माझी अशी सटकली की न जेवता रानाकडं निघालो.

मागनं मायही आली असणार, कारण जरा वेळानं ती मला बांधावर दिसली. पळसाच्या पानावर भाताचा गोळा ठेवून उभी. म्हटलं, चला, पश्चात्ताप झाला, येळवशीचा घास तरी ठेवतेय. जवळ गेलो. बाभळीवर दोन कावळे बसलेले, खाली येत नव्हते. ती हात जोडून उभीच. काय करतेस विचारलं तर म्हणाली, "कावळ्याला ठिवलंय." लई वेळ गेला. उन्हात तिचे पाय थरथरायला लागले, चल म्हटलं तरी हलेना. मग हळूच पुटपुटली, "सांगते, बाबा. त्याला सांगते म्या." आणि एक कावळा खाली आला, चोच मारली. मायनं डोळे पुसले.

कुणाला काय सांगणार आहे, तिचं तिला माहीत. म्हातारपणी माणसं अशीच व्हायला लागतात.

२१ डिसेंबर

आज तोमासचे वडील वाडीवर आले होते. कागदपत्रांना इतके दिवस लागले. उद्या-परवा हैदराबादहून त्याला घेऊन जाणार. जायच्या आधी त्यांना ती जागा बघायची होती. इंद्रजित म्हणाला, तू तिथं होतास, तूच दाखव, आणि तुला इंग्रजीही येतं. नाही कसं म्हणणार?

उंच माणूस. केस पांढरे. टोपी हातात धरून चालत होते. मी चढ दाखवला, चारी दाखवली. कुत्र्याचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, कुत्रं कोणत्या रंगाचं होतं?

मी म्हणालो, काळं.

त्यांनी मान हलवली. रस्त्यावर हात टेकवून बसले जरा वेळ. इंद्रजित फोन आला म्हणून गाडीकडं गेला होता. आणि आमच्या शेतातून माय येताना दिसली. डोक्यावर पदर, हात जोडलेले, सरळ त्यांच्यापुढं येऊन उभी राहिली. ते उठले.

"रणधीर, यास्नी सांग. कुत्रं न्हवतं. हुलगा हुता. म्या टाकला. ती रस्ता बगणारी गाडी गेली, तू बी निघून गेलास, तवा म्या टाकला. आन बांधाच्या आड बसून बगत हुते, कसा मळतोय ते. म्या बगितलं समदं."

म्या बगितलं समदं. तिनं काय काय बघितलं होतं? मी आधी काय उचललं, तेही?

ते माझ्याकडं बघत होते. मी इंग्रजीत म्हणालो, ही माझी आई. तिनं तुमच्या मुलाला ओवाळलं होतं. ती म्हणते, लई चांगलं लेकरू होतं. तिला लई दुःख झालंय.

त्यांनी मायचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले. कपाळाला लावले. म्हणाले, तोमासनं त्या रात्री घरी फोन केला होता, एका आजीनं माझ्यासाठी बोटं मोडली म्हणून सांगत होता, लई हसत होता. माय खांबासारखी उभी. मी तिला एवढंच सांगितलं, "आभार मानत्यात तुजे."

घरी येताना तिनं विचारलं, "सांगितलंस?"

"सांगितलं."

"समदं?"

"समदं."

ती पुढं चालायला लागली. मला वाटलं सुटलो. हे वाक्य लिहिलंय खरं, पण खोडावंसं वाटतंय.

२२ डिसेंबर

मायनं कालपासून पाण्याचा घोट घेतलेला नाही. हर्षाली सकाळी दुकानात आली आणि गिऱ्हाइकांसमोर म्हणाली, "घरी चला." ती दुकानात कधी येत नाही.

माय भिंतीला टेकून बसली होती. मी पुढं बसलो.

"रणधीर, पोरगं कशानं मेलं ते कळल्यावर बाप हात धरंल का? माज्यासारखीचे हात कपाळाला लावंल का? तू सांगितलं न्हाईस."

मी ओरडलो. जे तोंडाला आलं ते बोललो. पोलीस येतील, तुला धाराशिवच्या कोर्टात उभी करतील, गावात तोंड दाखवता येणार नाही. "तुज्यासाठीच गप बसलोय ना म्या! तुला काय हुईल म्हणून!"

"मला काय हुयाचं ऱ्हायलंय?" ती शांतच होती. "त्या दिवशी तू जेवताना म्हणलास, बरा हाय. सृष्टीनं मला दुपारीच सांगितलं हुतं. म्या त्याचं सुतक धरलं. दहावा केला. त्याच्या घरचं हितं कोण हुतं करायला?"

म्हणजे येळवशीला बांधावर ठेवलेला तो घास दहाव्याचा होता.

"म्या लई इचार केला," ती म्हणाली. "तूच म्हणला हुतास, आठ तारखेला टाक. तेस्नी सांगताना म्या तुजं नाव घेतलं न्हाय. आधी कवळ्या उचलल्यास, मग त्याच्याकडं गेलास, ते बी म्या कुणाला बोलले न्हाय. मरंपत्तुर बोलणार न्हाय. पण माजं तरी नीट सांगायचं हुतंस."

थट्टा होती ती. सगळ्यांना माहीत होतं थट्टा होती. पण ती सारजाबाई आहे, तिला टायर म्हणजे टायर आणि मळणी म्हणजे मळणी. तिला शर्यत काय असते हे मी कधी नीट बसून सांगितलंच नाही. तिच्यासमोर नुसती मिजास मारली. आणि ज्या जागेवर उभं राहून तिला हाकलायचं होतं, ती जागा सोडून मी हात हलवायला गेलो होतो.

मायसाठी गप्प होतो म्हणे. शरम वाटते.

२३ डिसेंबर

इंद्रजितला फोन करून तोमासच्या वडिलांचा नंबर मागितला. कशाला म्हणाला. म्हटलं, आधी त्यांना सांगतो, मग तुला, मग साहेबांना. त्यानं नंबर पाठवला.

ते हैदराबादला विमानतळावर होते. मी फोन खाली फरशीवर ठेवला, स्पीकर लावला. माय शेजारी बसली. हर्षाली दारात उभी. सृष्टीला बाहेर पाठवलं होतं, पण ती खिडकीशी होती, मला दिसत होतं.

माझी इंग्रजी तुटकी, शब्द सापडत नव्हते. तरी सांगितलं. कुत्रं नव्हतं. आमच्याकडं धान्य रस्त्यावर पसरतात, गाड्यांखाली मळायला. माझ्या आईनं पसरलं. तिला वाटलं या गाड्याही तशाच. मीच तिला तसं बोललो होतो. रस्ता राखायचं काम माझं होतं, आणि मी जागेवर नव्हतो. न बघता मी रस्ता मोकळा म्हणालो. मग मी आधी ते धान्य उचललं आणि मग तुमच्या मुलाकडं गेलो.

त्यांनी एकच विचारलं. तेव्हा तो जिवंत होता?

मी म्हणालो, हो. बोलत होता.

मागं विमानतळावरच्या घोषणा चालू होत्या. मी "सर, सर" म्हणालो. फोन बंद झाला.

"काय म्हनले?" मायनं विचारलं.

"काय न्हाय. ठिवला फोन."

"शिवी दिली?"

"न्हाय."

"हात धरल्यागत काय बोलले?"

"न्हाय, माय. काय बी बोलले न्हाईत."

"मग आता पोचलं तेस्नी," ती म्हणाली. पदर तोंडावर ओढला आणि हंबरडा फोडला. दादा गेले तेव्हाही ती अशी रडली नव्हती. "माज्या लेकरा रं, माज्या वाळक्या लेकरा रं," म्हणून जमिनीवर हात आपटत होती. हर्षालीनं येऊन तिला मिठीत घेतलं. मी तिच्या पायावर डोकं ठेवलं, तिनं पाय मागं घेतले नाहीत, पण माझ्या डोक्यावर हातही ठेवला नाही.

आवाज ऐकून गल्ली गोळा झाली. बायका हातातली कामं टाकून दारात आल्या, कोण गेलं, कोण गेलं, विचारायला लागल्या. मी उठलो, दारात गेलो, आणि कोण गेलं ते सांगितलं, आणि कशानं गेलं तेही सांगितलं.